सुखरूप परतण्याचा अर्थ

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की पनवेलकर तरुणांचे चित्त घरात रमत नाही. कलावंतिणीचा सुळका, त्याला लागून असलेला प्रबळगड, त्यापलीकडचा इर्शाळगड आणि दक्षिणेचा कर्नाळा ही सारी त्यांना हाका मारू लागतात. घरातील वडील माणसांनी काळजी बोलून दाखविली तर उत्तर ठरलेले असते: “दहा वेळा जाऊन आलो, काय झाले?” हे उत्तर वरवर बिनतोड दिसते, परंतु त्यात नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न दडलेला आहे. फळ चांगले मिळाले, एवढ्यावरून कृती शहाणपणाची ठरते काय?

पनवेलच्या शेजारीच, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा भाग तिच्यावर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि २३ जुलैस शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. पूर्वी तेथे दरड कोसळली नव्हती, म्हणून डोंगर सुरक्षित, असाच सर्वांचा समज होता. आमच्या तरुण मित्रांचे “काय झाले?” याहून निराळे आहे काय? कातळावरील मातीचा थर पाण्याने भरत जातो, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, त्यांची परस्परांवरील पकड सुटते. आणि हे सारे घडत असताना वरचे गवत पूर्वीसारखेच हिरवेगार डोलत असते.

हिमालयातील बर्फाची रीत अशीच आहे, आणि तिकडे जाणाऱ्यांत महाराष्ट्रातील मंडळी थोडी नसतात. जुन्या बर्फात एखादा भुसभुशीत थर दबून राहतो. त्यावर नव्या हिमवर्षावाचा व वाऱ्याने आणलेल्या बर्फाचा घट्ट पापुद्रा चढतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा पापुद्रा एकाएकी तुटतो, आणि पुष्कळदा त्याला निमित्त होते ते त्यावरून चालणाऱ्याचेच वजन. नऊजण पार गेले त्याच उतारावर दहावा गाडला जाऊ शकतो. मग त्या नऊजणांचा निर्णय योग्य होता असे म्हणावयाचे काय? ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी ‘द्रौपदी का डांडा’ शिखराजवळ हिमस्खलनात सापडली. त्यात प्रशिक्षकही दगावले. अनुभव हा मोठा गुरू खरा. परंतु डोंगर प्रत्येक चुकीला शिक्षा करीत नाही, आणि जी चूक शिक्षेवाचून सुटते तीच पुढे अनुभव म्हणून मिरवू लागते.

यावर कोणी विचारील, “तर मग घराबाहेर पडूच नये काय? जीव आमचा, धोकाही आमचा!” घरात कोंडून घेणे हा आमचा उपदेश नाही. ज्या समाजाने डोंगराशी नाते जोडले त्याचा पिंडच निराळा असतो. पण धोका केवळ आपला असतो, हे मात्र आम्हांस मान्य नाही. इर्शाळवाडीच्या साहाय्यास धावलेल्या नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा ती चढण चढताना हृदयविकाराने अंत झाला. वाडीतील माणसे तेथे राहत होती, कारण ते त्यांचे घर होते. त्यांच्यासाठी धावणे हे समाजाचे कर्तव्यच होते. हौसेने गेलेला मनुष्य कड्यावर अडकला तरीही अशीच माणसे, अशाच अंधारात, त्याच्याकरिता चढणार. ज्याला न जाण्याची मुभा होती, त्याने या ऋणाचा विचार अधिक काटेकोरपणे करावयास नको काय?

म्हणून निर्णयाची परीक्षा फळावरून न करता, तो घेताना काय ठाऊक होते आणि काय ठाऊक करून घेता आले असते, यावरून करावी. हवामान खात्याचा लाल वा नारिंगी इशारा पाहिला होता काय? पायथ्याच्या वाडीतील मंडळींस विचारले होते काय? ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होऊन फुगले, उताराला नवी भेग दिसली, तेव्हा पाय थांबले काय? हे सारे पाहून जो शिखरावाचून परतला, त्याचा दिवस फुकट गेला असे आम्ही म्हणणार नाही. मागाहून आकाश निवळले, तरीही नाही. आणि यातले काहीच न पाहता जो शिखर गाठून हसत घरी आला, त्याला पुढच्या खेपेस वडिलांनी “काय झाले?” हे विचारू नये, “काय पाहून पुढे गेलास?” एवढेच विचारावे.