चिकाटी की हट्ट?

'प्रयत्न सोडू नकोस' असे आपण मुलांना सतत सांगत असतो. पण न सोडणे हे नेहमीच चांगले असते का? हा प्रश्न मला एका जुन्या गाडीने घातला.

तेव्हा आम्ही नोएडात राहत होतो. आमची मारुती ८०० निळा धूर सोडू लागली होती. इंजिन लहान, ७९६ सीसीचे. तीन सिलिंडर, प्रत्येकाला दोन वॉल्व्ह. घरीच करू, असे ठरवून रविवारी मी आणि मुलाने इंजिनाचे हेड उतरवले. स्प्रिंग दाबून वॉल्व्हच्या मानेतली दोन बारीक लॉक काढली. आता वॉल्व्ह सरकून हातात यायला हवा होता. तो थोडा सरकला आणि गाईडच्या तोंडाशी अडकला.

मी हातोडी घेतली. मुलगा म्हणाला, "बाबा, थांबा. काहीतरी अडतंय."

"अडतंय म्हणूनच तर ठोकतोय!"

दहा-बारा घावांत तो निघाला. दुसराही तसाच अडकला. त्यालाही चार घाव घातले आणि थांबलो, पण तो हात दुखू लागला म्हणून. शहाणपण सुचले म्हणून नव्हे.

सोमवारी हेड घेऊन आम्ही कश्मीरी गेटला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. गल्लीतल्या एका वयस्क कारागिराने अडकलेल्या वॉल्व्हच्या टोकावरून बोट फिरवले. लॉक बसतात त्या खाचेची कड वापराने बाहेर आली होती, आणि माझ्या हातोडीने टोकही पसरले होते. म्हणजे जितके ठोकावे तितका तो अधिक अडकणार! त्याने बारीक कानशीने कड उतरवली. वॉल्व्ह आपल्याच वजनाने खाली आला. मग त्याने मी ठोकून काढलेल्या वॉल्व्हची गाईड उजेडात पाहिली. आत उभे ओरखडे होते.

"किसने ठोका?"

"हम दोनों ने," मुलगा म्हणाला. मी गप्प राहिलो.

गीतेच्या १८व्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. धृती म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती. आपण तिला सरसकट गुण समजतो. पण तिथे तामसी धृतीही आहे: निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद सोडू न देणारी. हा भाग मी अनेकदा वाचला होता, आणि तामसी म्हणजे कोणी आळशी माणूस असणार, असे समजून पुढे गेलो होतो. हातोडी चालवताना मी तर घामाघूम झालो होतो! पण धरून काय ठेवले होते? 'मला जमते' एवढेच. वॉल्व्ह केव्हाच बाजूला पडला होता. आणि दुकानात, हातोडी हातात नसतानाही, मी तेच घट्ट धरून उभा होतो. गाईड नवी बसवता येते. मुलाने न केलेली चूक वाटून घेतली, तिचे काय करायचे?

परतताना बस यमुनेच्या पुलावर आली तेव्हा मी म्हणालो, "मी ठोकला होता."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला.