माल अजून समुद्रात आहे

तुम्ही मागवलेली जुनी गाडी इंग्लंडच्या बंदरातून निघाली आहे असं धरून चालू. तुम्ही लातुरात किंवा नांदेडात बसला आहात, पैसे गेलेत, आणि न्हावा शेवाला कंटेनर लागायला अजून बरेच दिवस आहेत. या दिवसांत तुमच्या हातात फारसं काही नसतं. म्हणून मननाला हाच काळ बरा. फोन उलटा ठेवा, पाठ टेकवा, आणि गाडी मनात सावकाश येऊ द्या.

जॅग्वार ई-टाइप घेऊ. 1961 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. लांबलचक बॉनेट, पार मागे सरकलेल्या दोनच जागा, तारांच्या आऱ्यांची चाकं. त्यातल्या एका चाकापाशी मनानं उकिडवे बसा. मधोमध कान असलेला एक मोठा नट आहे. चाक काढायला त्याला पाना लावत नाहीत, मऊ तोंडाच्या हातोडीनं त्या कानावर ठोके देतात. जुन्या नटाच्या क्रोमवर असे बारीक पोचे असतात. कुणी मारले असतील ते? पावसात, रस्त्याच्या कडेला, कुठल्या घाईत? त्या पोच्यांवर नजर राहू द्या. दुसऱ्या चाकाकडे लगेच जायचं नाही.

श्वास संथ झाला असेल, तर आता एक प्रश्न मनात सोडा. मला ही गाडी हवी आहे, की ती माझ्या दारात उभी असलेली चारचौघांनी बघायला हवी आहे? उत्तराची घाई नको. आणि दुसरं उत्तर आलं तरी लाजायचं कारण नाही. हौस अशीच असते, राजेरजवाडेही तिच्यातून सुटले नाहीत.

आपल्याकडचंच बघा. नांदेड-लातूर हा मुलूख एके काळी हैदराबादच्या निजामाचा. सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसकडे एक पिवळी सिल्व्हर घोस्ट मागवली होती, मागच्या बाजूला सिंहासनासारखी बैठक असलेली. 1911 साली ते वारले, गाडी नंतर पोहोचली. पुढेही ती फार थोडी चालली. आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. मागवणाऱ्यानं ती कधी पाहिलीच नाही. इथे थोडं थांबा. तुमचीही गाडी अजून समुद्रातच आहे.

इंदूरच्या यशवंतराव होळकर दुसऱ्यांची हौस याहून वेगवान. अमेरिकेच्या ड्यूझनबर्ग कंपनीची एसजे चासी, तिच्यात सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, कंपनी ताकद सांगायची 320 अश्वशक्ती. तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगनं दोघांपुरती उघडी बॉडी चढवली. ती गाडी पुढे अमेरिकेलाच गेली. यशवंतरावांचा माणिकबाग राजवाडा मात्र इंदुरातच आहे. त्यात आता केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्याचं कार्यालय भरतं. परदेशी वस्तूंची एवढी हौस असलेल्या माणसाच्या घरात हे खातं यावं, यावर हसू आलं तर येऊ द्या, मननात हसायला बंदी नाही.

शुल्काचा विषय निघालाच आहे तर तोही मनात घोळवा. बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीवरचा कर गाडीच्या किमतीला सहज मागे टाकतो. सचिन तेंडुलकरला 29व्या कसोटी शतकाबद्दल फेरारी भेट मिळाली, तेव्हा 1 कोटी 13 लाखांच्या शुल्कमाफीवरून वाद कोर्टात गेला आणि शेवटी शुल्क फियाट कंपनीनं भरलं. तुमचं भरायला कुणी येणार नाही. शिवाय 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, शुल्क 20 हजार, मुदत 10 वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण ती रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे लातूरच्या गंजगोलाईला रोजची चक्कर त्या गाडीतून नाही. ही अट ऐकून इच्छा किती उतरली, तेवढं स्वतःशी मोजा.

माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचे दात बघतो, मग अंगावरचे भोवरे, मग चाल. कितीही मनात भरलेला असो, हा क्रम तो सोडत नाही. इथे दातांच्या जागी आकडे आहेत. चासीवरचा नंबर, इंजिनवर ठोकलेला नंबर आणि कारखान्याच्या दप्तरातली नोंद जुळली पाहिजे. जॅग्वारच्या बाबतीत तसा दाखला इंग्लंडमधल्या तिच्या वारसा संस्थेकडून मिळतो. पैसे देण्याआधी तो पाहिला होता ना?

आता तिला मनानंच रस्त्यावर काढा. लातूर, चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा, नांदेड. वैशाखाचं ऊन, पारा चाळिशीपार. कार्बोरेटरकडे जाणारं पेट्रोल नळीतच वाफ धरतं आणि गाडी आचके देते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, कदाचित आपल्याच भागातल्या उसाचं, आणि 60च्या दशकातल्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. गतिरोधक आला की तिचं पोट घासतं. ही दृश्यं टाळू नका, एकेक करून नीट बघा. ती बघूनही गाडी हवीच वाटली, तर ती इच्छा पक्की समजा.

माझं मत विचाराल तर गाडी जरूर येऊ द्या. फक्त कंटेनर लागण्याआधी गावातला एखादा जुना मिस्त्री शोधा, जेट फुंकून कार्बोरेटर लावणारा, इंचाचे पाने अजून जपून ठेवलेला. त्याच्यासोबत एखादा शिकाऊ पोरगाही बसवा आणि दोघांची मजुरी वर्षाच्या बोलीनं ठरवा. इंजिनला पहिला हात त्यांचा लागू द्या, तुमचा नंतर.