गृहस्थाची चार सुखे



धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. तथागतांनी जगात दुःख आहे असे सांगितले. मग गरम भाकरी, लेकराचे हसू, सणाला घेतलेले नवे लुगडे यांत आनंद मानणे ही आसक्ती नव्हे काय?

याचे उत्तर तथागतांनीच दिले आहे. श्रावस्तीचा अनाथपिंडिक हा गृहस्थ होता, भिक्खू नव्हता. त्याला त्यांनी संसार सोडायला सांगितले नाही; गृहस्थाची चार सुखे सांगितली. अंगुत्तर निकायात ती आहेत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही ती घेतली आहेत.

पहिले अत्थिसुख : घाम गाळून, न्यायाने मिळविलेले आपल्याजवळ असणे. दुसरे भोगसुख : ते उपभोगणे आणि त्यातून सत्कर्म करणे. ही सुखे क्षुद्र आहेत असे कोण म्हणेल? तहान लागली असता ओंजळभर पाणी पिणे, याहून साधे सुख कोणते? तेवढ्यासाठी २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि हायकोर्टाचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले. ‘आहे त्यात समाधान माना’ असे आपल्या आजोबांना सांगणारे स्वतः मात्र सर्व काही भोगत होते. म्हणून लक्षात ठेवा : मिळालेल्या सुखाचा आनंद मानणे वेगळे आणि लादलेल्या हीन स्थितीत समाधान मानणे वेगळे. धम्म पहिले शिकवितो, दुसरे नाही.

तिसरे अनणसुख, म्हणजे कर्ज नसण्याचे सुख. हे सुख आज आपणच आपल्या हातांनी घालवीत आहोत. बौद्ध विवाहाला काय लागते? त्रिशरण, पंचशील, वधूवरांची प्रतिज्ञा आणि फुलांचे दोन हार. पण लोक काय म्हणतील म्हणून आपण बँड लावतो, मांडव सजवितो, पंगती उठवितो आणि सावकाराच्या दारी जातो. एका संध्याकाळच्या दिमाखापायी अनेक वर्षांची झोप जाते. दारावर थाप पडली की आई मुलाला म्हणते, ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग.’ ज्या घरात मुलाने सकाळी पंचशील म्हटले, त्याच घरात संध्याकाळी त्याला खोटे बोलायला कोणी शिकविले?

येथेच चौथे सुख येते. अनवज्जसुख, म्हणजे काया, वाचा, मनाने निर्दोष असण्याचे सुख. पहिली तिन्ही सुखे याच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत, असे तथागत म्हणतात. आणि याला पैसा लागत नाही! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळणारा बाप घरी येतो, तेव्हा बायकोला आधी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहावे लागत नाही. मुले कोपऱ्यात लपत नाहीत, दाराकडे धावतात. हे सुख तुमच्या झोपडीत येऊ शकते, आजच येऊ शकते.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. बायकामुलांनाही जवळ बसवावे. किती मिळविले, कसे मिळविले, कोणाचे देणे आहे आणि कोणाशी खोटे बोललो, याचा हिशेब मांडावा. सुख कोठे गळते आहे ते तेथेच सापडेल.

जयभीम!