लोकगीतांचें ऋण

ज्या गाण्याचा कर्ता ठाऊक नाहीं, त्याचें ऋण कोणास फेडावयाचें? सावकाराचा पत्ता लागेनासा झाला म्हणजे ऋणको आपणांस ऋणमुक्त समजूं लागतो. लोकगीतांच्या बाबतींत सुशिक्षितांचें वर्तन पुष्कळदां असेंच झालें आहे.

भिवंडी तालुक्यांतील दापोडे हें गांव घ्या. भाताच्या खाचरांच्या या टापूंत आज मालाचीं प्रचंड गोदामें उभीं आहेत. ठाणें-पालघरकडील आगरी व वारली समाजांत धवलारणीनें धवळे गाऊन लग्न लावावें, अशी जुनी चाल आहे. धवळ्यांचें नांव लहानसहान नव्हे. तेराव्या शतकांतील महदंबेचे धवळे मराठीच्या आरंभींच्या काव्यांत गणले जातात. महदंबेचें नांव ग्रंथांनीं राखलें. धवलारणींचीं नांवें मात्र कोणीं टिपून ठेविलीं नाहींत.

अशा गाण्यांवर नागर संगीत किती पोसलें आहे! १८८० सालीं किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें, तेव्हां साकी, दिंडी, लावणी यांच्या परिचित चाली त्यांनीं आपल्याशा केल्या. अमेरिकेंतही हाच प्रकार घडला. ए. पी. कार्टर यानें डोंगरी मुलखांत हिंडून गाणीं जमविलीं. लेस्ली रिडल हा कृष्णवर्णी वादक त्याच्याबरोबर राहून चाली ध्यानांत ठेवी. १९२७ पासून कार्टर कुटुंबाच्या ध्वनिमुद्रिकांनीं 'कंट्री' संगीताचा पाया घातला, पण हक्कपत्रावर नांव बहुधा कार्टरचेंच लागलें.

येथें कोणी म्हणेल, गाणें घेतल्यानें देणाराचें कांहीं कमी होत नाहीं. उलट तें जगतें. हें आम्हांस मान्य आहे. घेणें ही चोरी नव्हे. धवलारणीही एकमेकींकडूनच शिकल्या. दोष आहे तो पुढें. आपल्या १९५७ च्या कायद्यानें रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. निनांवी गाण्यास तसा धनी नाहीं. त्यामुळें सामायिक अंगणांतील चाल घेऊन कोणीं नवी रचना केली, कीं ती रचना त्याची मिळकत होते, आणि अंगण मात्र विस्मरणांत जातें.

मग फेड कशी करावी? आपल्या शास्त्रकारांनीं ऋषिऋण सांगितलें आहे. ऋषींस द्रव्य पोंचवितां येत नाहीं; म्हणून अध्ययन करावें आणि तें पुढच्यांस द्यावें, हीच त्याची फेड. लोकगीतासही हाच न्याय लागू पडतो. कुमार गंधर्वांनीं माळव्याच्या लोकधुनांतून राग बांधिले आणि त्यांस 'धुनउगम राग' म्हटलें. त्या नांवांतच मुळाची कबुली आहे. चाल जेथून घेतली त्या गांवाचें व समाजाचें नांव सांगणें, दुसऱ्यास तीच चाल घेण्याची वाट मोकळी ठेवणें, आणि गाणारी हयात असेल तर तिला मानाचें आसन व योग्य बिदागी देणें, एवढें तर प्रत्येकास करितां येईल.

लग्नमंडपांत ध्वनिक्षेपक गर्जत असतांना धवलारीण गाऊं लागली, तर यंत्र कांहीं वेळ बंद करावें, आणि घरांतील मुलींनीं तिच्याजवळ बसून दोन धवळे शिकून घ्यावे. त्या ऋणाच्या फेडीचा पहिला हप्ता आमच्या मतें हाच होय.