दुखण्याचं नाव

माझ्या बाबांच्या पोटावर उजवीकडे, खाली, चार बोटं लांब व्रण आहे. शेजारी एक छोटा गोल डाग. तिथून नळी काढली होती. धानकापणीचे दिवस होते, मी सातवीत होते. आमच्या नागरा गावाहून त्यांना एका खासगी दवाखान्यात नेलं, रात्रीच ऑपरेशन झालं आणि बाबा बारा दिवस तिथेच राहिले. डिस्चार्ज कार्ड अजून पेटीत सातबाऱ्याखाली आहे. त्यावर एवढंच आहे: ‘अपेंडिक्सचे ऑपरेशन’. गावात लोक म्हणायचे, एवढ्याशा ऑपरेशनला कोणी बारा दिवस पडून राहतं का? बाबा काही बोलायचे नाहीत.

आज मी घरी बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचं मेडिकल कोडिंग करते. पोट उघडून अपेंडिक्स काढलं तर कोड ४४९५०. ते फुटून पू साचला किंवा पोटभर पसरला असेल तर ४४९६०. दुर्बिणीतून काढलं तर ४४९७०. चौथा अंक बदलला की बिलही बदलतं. आजाराच्या निदानाचा कोड वेगळा. तिथल्या यादीत असे ७०,००० हून जास्त कोड आहेत. आमचा पहिला नियम: जे लिहिलेलं नाही, ते घडलेलं नाही.

एका रात्री एक ऑप नोट, म्हणजे ऑपरेशनची नोंद, समोर आली. सर्जनने लिहिलं होतं: पोटात चारही बाजूंना पू, सलाईनने धुतलं, नळी ठेवली. निदानाच्या जागी मात्र फक्त ‘अक्यूट अपेंडिसायटिस’. पू पाहून मला सगळं कळत होतं. तरी निदान मी माझ्या मनाने लावू शकत नाही. सर्जनला क्वेरी पाठवायची, आणि तीही उत्तर सुचवणारी नको: निदान स्पष्ट करावे, इतकंच.

महाशिवरात्रीला आमच्या नागऱ्याच्या महादेवाला यात्रा भरते. लहानपणी तिथल्या कीर्तनात ऐकलं होतं, उपनिषदातल्या उद्दालकाने आपल्या मुलाला, श्वेतकेतूला शिकवलं ते: घट, मडकं ही नुसती नावं, खरी ती माती. मला ते फार पटायचं. दुखणं खरं, नावाचं काय एवढं? पण या कामात बसल्यावर प्रश्न पडला, की जो त्या खोलीत नव्हता, त्याला ती माती कळणार कशी? पैसे देणाऱ्याला, पुढच्या डॉक्टरला, गावाला? त्यांच्या हाती फक्त नाव येतं. महाभारताच्या अनुशासनपर्वात शिवाची सहस्र नावं आहेत. ज्याला कोणतंच नाव पुरत नाही, त्याला हजार नावं का? मला वाटतं, नाव अपुरं आहे म्हणून गप्प बसायची मुभा माणसाला नाही. अपुरं असलं तरी खरं नाव शोधत राहायचं.

म्हणून जास्तीचं नाव लावणं, ज्याला आम्ही अपकोडिंग म्हणतो, ती चोरी आहेच. पण कमीचं नाव लावणं हीसुद्धा चोरीच. पहिलीत पैसा जातो. दुसरीत माणसाने जे सोसलं तेच त्याच्याकडून काढून घेतलं जातं.

दोन दिवसांनी सर्जनचं उत्तर आलं: अपेंडिक्स फुटलेलं, पोटभर पेरिटोनायटिस. मी ४४९६० लावला आणि उठून पेटी उघडली. कार्ड बाबांसमोर धरलं.

“बाबा, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?”

“फुटलं होतं म्हणाले. सगळं पोट धुवावं लागलं.”

“मग लोकांना सांगितलं का नाही?”

“कागदावर कुठं होतं?”

त्या कार्डावर मी आता एक अक्षरही वाढवू शकत नाही. तो हक्क ज्याने पोट उघडलं त्याचाच होता. पण ज्याने सोसलं, त्याची साक्ष माझ्याजवळ आहे. ती त्याच्याच शब्दांत इथे नोंदवते: फुटलं होतं.