सैतानाचें नांव आणि पेशीचें मरण

मनुष्याच्या एका जनुकास शास्त्रज्ञांनीं 'डायब्लो' असें नांव दिलें आहे. स्पॅनिश भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ सैतान. वास्तविक एका लांबलचक इंग्रजी वर्णनांतील अक्षरें जुळवून तें केलेलें आहे. परंतु विद्वानांसही थट्टा सुचते, हें त्यावरून दिसतें. त्या जनुकापासून होणाऱ्या प्रथिनाचा शोध इ. स. २००० सालीं अमेरिकेंतील डॅलस व ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें निरनिराळा लागला. तें पेशीस मरणाकडे नेतें. मग हें नांव त्यास शोभतें काय?

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रिया नांवाच्या जणूं बारीक चुली असून त्यांवर पेशीची शक्ति सिद्ध होते. डायब्लो त्या चुलींतच स्वस्थ पडून असतें. पेशींत दुरुस्त न होणारा बिघाड झाला, कीं चुलीचें बाहेरलें आवरण फुटून तें बाहेर पडतें. पेशीस मोडून टाकणारीं दुसरीं प्रथिनें तेथें असतात, व त्यांस आवरून धरणारे रखवालदारही असतात. डायब्लो त्या रखवालदारांनाच अडकवून ठेवतें. मग मोडणारांस मोकळीक मिळते. जें उरतें तें शेजारच्या पेशी गिळून टाकतात.

गर्भांत मुलाचीं बोटें प्रथम एकमेकांस जोडलेलीं असतात. मधल्या पेशी अशाच रीतीनें मरतात, तेव्हां तीं सुटीं होतात. उलट, बिघडलेल्या पेशी मरावयाचें टाळूं लागल्या, तर कर्करोगास वाट मिळते. एवढें कळल्यावर प्रत्येक मरण अनिष्टच, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

परंतु येथें एक धोका आहे. पेशी शरीराकरितां प्राण देते, तसें दुबळ्यानें घराकरितां बाजूस व्हावें, असा बोध कोणी उपदेशक सहज काढील. दाखला सोपा आहे, म्हणूनच त्याची आम्हांस भीति वाटते. पेशीस मन नाहीं. तिला होय किंवा नाहीं म्हणतां येत नाहीं. तिच्या मरणास त्याग म्हणणें हें चुलींतल्या लांकडास दानशूर म्हणण्यासारखें आहे. शिवाय शरीर पेशीकरितां नसतें. घर मात्र त्यांतील माणसांकरितांच असतें. अंथरुणास खिळलेली सासू ही बिघडलेली पेशी नव्हे. असा दाखला देण्याचें ज्याच्या मनांत असेल, त्यानें आधीं तिच्या खाटेजवळ बसून तो तिला ऐकवून पाहावा.