अंतर आटले, मीकात तिथेच

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. विमानाला पाच-साडेपाच तास लागतात आणि तिथले घड्याळ अडीच तास मागे असल्याने सकाळी दहाला निघालेला हजयात्री दुपारी एकच्या आगेमागे उतरतो. १९९५ पर्यंत हीच वाट जहाजाने आठवडा-दहा दिवसांत कापली जाई. मग हजचे पुण्यही तेवढे हलके झाले का? कष्टाशिवाय यात्रा कसली, असे मानणारे सर्वच धर्मांत आहेत. पण शरीयतचे नियम पाहिले तर त्यात श्रमांचा हिशेब फारसा सापडत नाही. हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे तो ऐपत आणि सुरक्षित वाट असणाऱ्यावरच. सोळाव्या शतकात समुद्रावर पोर्तुगिजांचे परवाने घ्यावे लागत, त्यांवर मेरी आणि येशूच्या प्रतिमा असत; तेव्हा अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्कने हज बंधनकारक नसल्याचे मत दिले होते. म्हणजे वाट बिकट झाली की पुण्य वाढत नाही, उलट कर्तव्यच सुटते. प्रवासात नमाज कमी करण्याची सवलतही तशीच. हनफी पंथाच्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, तीन दिवसांच्या वाटचालीवरून ती सुमारे ७७ किलोमीटरवर आणून ठेवली. विमान हे अंतर पाच-सहा मिनिटांत तोडते, तरी आरामखुर्चीतल्या मुसाफिराची सवलत कायम राहते.

खरी कसोटी मीकातीची. मक्केभोवतीच्या या सीमा इहरामशिवाय, म्हणजे यात्रेची वस्त्रे आणि संकल्प धारण केल्याशिवाय, ओलांडायच्या नाहीत. भारतातून जहाजाने जाणारा यलमलमच्या समोर आला की इहराम बांधे. विमान बहुधा ताइफजवळच्या कर्न-अल-मनाझिलच्या बाजूने जाते. जमिनीवरची रेघ दहा किलोमीटर उंचीवर लागू होते का? जेद्दालाच इहराम बांधावा असे काही विद्वानांनी सुचवले, पण बहुसंख्य फकीहांनी ते मानले नाही, आणि मला त्यांचेच बरोबर वाटते. सीमा पायांसाठी नाही, यात्रेकरूच्या संकल्पासाठी आहे. तो किती उंचीवरून जातो याने तिला फरक पडू नये.

कष्टाशिवाय यात्रा कसली, या आक्षेपातला एक भाग मात्र खोडता येत नाही. जहाजावर विधी शिकायला, सोबत्यांत मुरायला, मन घरापासून सुटायला दिवस मिळत. विमानाने कष्टांपेक्षा ही सवडच हिरावली. (कष्ट संपलेत असे कुणाला वाटत असेल, तर आठवावे: २०२४ च्या हजमध्ये उष्म्याने तेराशेहून अधिक माणसे दगावली.) पण सवड ही हजची अट कधीच नव्हती, अराफातच्या मैदानात जिल्हिज्ज महिन्याच्या नऊ तारखेलाच उभे राहायचे, कसेही या. फरक इतकाच, की जहाजावर तयारी आपोआप होई, आता ती निघण्याआधी करावी लागते. विमानात क्षणभर डोळा लागला आणि सीमा इहरामशिवाय मागे पडली, तर मागे फिरून ती गाठावी लागते, नाहीतर दम, म्हणजे प्रायश्चित्ताची कुर्बानी, द्यावी लागते. म्हणूनच थेट जेद्दाला जाणारे अनेकजण मुंबईतच इहरामची वस्त्रे नेसून विमानात बसतात, आणि नियत म्हणजे संकल्प करून लब्बैक म्हणतात ते मीकात जवळ आल्याची घोषणा झाल्यावर.